संवादांवर चालणारी एकांकिका मूकपटात न्यायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धेत गाजलेली एक विनोदी एकांकिका आहे, प्रेमाची. मुख्य पात्रं दोनच आणि वाक्यावाक्याला हशा. गटातल्या काही जणांना आता तिच्यावरून पंधरा मिनिटांचा मूकपट करायचा आहे. लेखक म्हणतो, संवाद काढले तर माझ्या संहितेत उरलं काय? आणि मूकपटांच्या जमान्यात नाटकांवरून इतके सिनेमे निघाले, त्या लोकांनी हे कसं निभावलं?

लेखकाची भीती खोटी नाही. बहुतेक वेळा असं होतं की मंडळी संवाद काढतात आणि त्यांच्या जागी हातवारे भरतात. ‘मी’ म्हणताना छातीला हात, ‘तू’ म्हणताना समोर बोट, ‘लग्न’ म्हणताना गळ्यात हार घातल्याची खूण. हा मूकपट नव्हे. आवाज गेलेलं नाटक आहे, आणि ते पाच मिनिटांत कंटाळा आणतं. मी बरीच वर्षं संकलन करते, टेबलावर अशा फिती येतात आणि त्यात कापायला काही सापडत नाही, कारण प्रत्येक शॉट एका वाक्याचं भाषांतर करण्यात अडकलेला असतो.

म्हणून वाक्यांच्या मागे लागू नका. प्रत्येक वाक्य तिथे कोणतं काम करतंय ते शोधा. माहिती देतंय, वेळ काढतंय, समोरच्याला दुखावतंय, प्रेक्षकाला हसायला जागा देतंय की नुसतं छान वाटतंय? काम सापडलं की ते दुसऱ्या कुणावर तरी सोपवता येतं: एखाद्या वस्तूवर, जिन्यावर, घड्याळावर, कुत्र्यावर. हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एकच चित्रपट नीट उलगडून दाखवते.

अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’, 1925. मूळ नाटक रॉय कूपर मेग्रूचं, 1916 साली डेव्हिड बेलास्कोनं ब्रॉडवेवर आणलेलं. नाटकाचे हक्क घेतले ते निर्माता जोसेफ शेंकनं. हा कीटनचा साडू, कारण दोघांच्या बायका टालमॅज बहिणींपैकी. कीटनला हे नाटक मुळीच आवडलं नव्हतं. त्याचा पिंड पडण्याधडपडण्याचा, आगगाड्यांचा, मोठ्या यंत्रांचा, आणि हातात आलं काय, तर दिवाणखान्यातली गडबडघोटाळ्याची कॉमेडी. नंतरही कितीतरी वर्षं तो या चित्रपटाला आपल्या कमअस्सल कामांत मोजायचा. माझं मत वेगळं आहे. नावडतं नाटक गळ्यात पडल्यामुळेच त्यानं ते इतकं निर्दयपणे सोललं असावं. आवडत्या संहितेला आपण हात लावायला भितो.

गोष्ट अशी. जिमी शॅनन (म्हणजे कीटन स्वतः) हा तरुण दलाल, धंदा बुडायच्या बेतात. एक वकील आजोबांचं मृत्युपत्र घेऊन येतो: जिमीला 70 लाख डॉलर मिळतील, अट एवढीच की सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत त्याचं लग्न झालेलं हवं. वाढदिवस आजच आहे. जिमीचं प्रेम मेरीवर, पण ते त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही. तो धावत जाऊन मागणी घालतो, ती आनंदानं हो म्हणते, आणि मग आजच का, हे समजावताना हा पठ्ठ्या असं काही बोलून बसतो की आज कुणाशीतरी लग्न करणं भागच आहे, मुलगी कुणीही चालेल. मेरी दुखावते. आता उरलेल्या वेळात दुसरी कुणीतरी शोधायची.

यात संवादाशिवाय टिकेल असं काय आहे? अट आणि घड्याळ. हे दोन्ही प्रेक्षकाला एकदा कळले की पुन्हा सांगावे लागत नाहीत. त्यातले आकडेही बघा: सत्तर लाख, सत्तावीस, सात वाजता आणि पुढे ओळखीतल्या सात मुलींची यादी. पाटीवर, म्हणजे मूकपटात मधेच पडद्यावर येणाऱ्या लिखित मजकुरात, एकदा वाचलं की डोक्यात बसतं. मेग्रूच्या नाटकातून कीटन आणि त्याच्या लेखकांनी, म्हणजे क्लाइड ब्रुकमन, जीन हॅवेझ आणि जोसेफ मिचेल या तिघांनी, मुख्यतः हा सांगाडा उचलला. तुमच्या एकांकिकेतही असा सांगाडा आहे का, हे आधी बघा. दोन पात्रांना एकमेकांकडून नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय, हे एका पाटीत मावत असेल तर पुढे जायला हरकत नाही. मावत नसेल तर अडचण मूकपटाची नाही, गोष्टीतच कुठेतरी ढिलाई आहे. लेखकाला वाईट वाटेल, पण हे शूटिंगच्या आधी बोललेलं बरं.

आता सुरुवात बघा. रंगमंचावर नायक लाजाळू आहे, वर्षभर प्रेम करतोय पण बोलू शकत नाही, हे कळायला एक मित्र लागतो. मित्र येतो, सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, ‘अरे, अजून सांगितलं नाहीस तिला?’ आपल्याकडच्या एकांकिकांमध्ये या मित्राला बिचाऱ्याला दुसरं कामच नसतं. ‘सेव्हन चान्सेस’ उघडतो तो मेरीच्या घराच्या फाटकापाशी. जिमी आणि मेरी उभे आहेत, शेजारी एक छोटंसं कुत्र्याचं पिल्लू. उन्हाळा आहे. मग ऋतू बदलतो, तेच फाटक, तेच दोघं, तसंच अवघडलेपण, फक्त कुत्रा थोडा मोठा. पुन्हा ऋतू बदलतो. शेवटी बर्फ गेलेला, फुलं आलेली, कुत्रा चांगला दांडगा झालेला आणि जिमीच्या तोंडून अजूनही शब्द फुटलेला नाही. हा भाग त्यावेळच्या लाल-हिरव्या अशा दोनच रंगांच्या टेक्निकलरमध्ये चित्रित केला होता. बाकी चित्रपट कृष्णधवल.

यात कुत्रा काय करतोय? मित्राचं काम करतोय. काळ किती गेला ते सांगतोय, आणि वर प्रेक्षकाला हसवतोय, कारण कुत्रा वाढला पण माणूस वाढला नाही. कॅमेऱ्याची जागा जवळजवळ तीच ठेवल्यामुळे काय बदललं ते चटकन दिसतं. हे तुम्हाला फुकटात करता येईल. बसस्टॉप, बाल्कनी, कॉलेजचा कट्टा, काहीही चालेल. जागा तीच, माणसं तीच आणि एकच गोष्ट वाढणारी किंवा कमी होणारी. दोन गोष्टी बदलल्या तर प्रेक्षक गोंधळतो. आणि ती वस्तू शेवटी परत कामाला आली तर उत्तम. या चित्रपटाच्या अखेरीस नवराबायको एकमेकांचं चुंबन घेऊ बघतात तेव्हा मध्ये येणाऱ्यांत हा कुत्राही असतो.

मागणी फिसकटते तो प्रसंग मात्र खरा अवघड. इथे नुकसान शब्दांमुळेच होतं, म्हणजे नुसत्या अभिनयावर भागणार नाही. कीटन अशा जागी पाटी वापरतो, पण कंजूषपणे. जे वाक्य घाव घालतं तेवढंच पाटीवर, बाकी ओठ हलत राहतात. नवशिक्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. मूकपटातली माणसं मुकी नसतात. ती बोलत असतात, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. नटांना बोलू द्या, अगदी मूळ संवाद म्हणू द्या. हातवारे आपोआप कमी होतात आणि चेहरा मोकळा राहतो. संकलनात करायचं ते असं: बोलणाऱ्यानं तोंड उघडलं की अर्ध्या क्षणात पाटीवर कट, आणि पाटीवरून परत यायचं ते बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्यावर. घाव कुणाला लागला ते बघायची प्रेक्षकाला घाई असते. पाटी किती वेळ ठेवायची? सावकाश, मोठ्यानं एकदा वाचून होईपर्यंत आणि वर किंचित. तुम्ही स्वतः संहिता पाठ असल्यामुळे फार लवकर कापाल, म्हणून ज्यानं एकांकिका पाहिलेली नाही अशा कुणाला तरी शेजारी बसवा.

नंतर येतात ते नकार. जिमी, त्याचा भागीदार आणि तो वकील एका क्लबात जातात. ओळखीच्या सात मुली तिथे आहेत, म्हणून सात संधी. रंगमंचावर हे सात छोटे प्रवेश होतील, प्रत्येकात एक चुरचुरीत वाक्य आणि एक्झिट. कीटन काय करतो? तो प्रत्येक नकाराला वेगळी जागा आणि वेगळा आकार देतो. एका मुलीबरोबर जिना चढताना विचारतो, ती नकार देते, तेवढ्यात दुसरी खाली येत असते, हा तिच्याबरोबर उतरायला लागतो आणि तिलाही विचारतो. वर जाताना एक नकार, खाली येताना दुसरा. दुसऱ्या एकीला तो खालून वर चिठ्ठी पाठवतो आणि उत्तर म्हणून त्याच चिठ्ठीचे कपटे वरून त्याच्या अंगावर बर्फासारखे भुरभुरतात. या शॉटमध्ये मुलीचा चेहरा बघायची गरजच नाही. तिकडे क्लबातली टोप्या सांभाळणारी मुलगी त्याच्याकडे थंड नजरेनं बघते आणि त्यानं विचारायच्या आतच मान हलवते. तोवर आपल्याला साचा कळलेला असतो, म्हणून एवढ्याशा मान हलवण्यावर हशा येतो. हेच आधी आलं असतं तर वाया गेलं असतं.

आणि हे सगळं शक्यतो दुरून. जिना पूर्ण दिसतो, माणूस पायांपासून डोक्यापर्यंत दिसतो. आपण टीव्हीवर वाढलेले लोक लगेच क्लोज-अपकडे धावतो, कारण संवादात चेहरा महत्त्वाचा असतो. इथे अंतर महत्त्वाचं आहे. नकार मिळाल्यावर दोघांमधलं अंतर कसं वाढतं, तो कसा टोपी सरळ करून वळतो, हे क्लोज-अपमध्ये हरवतं. कीटनचा चेहरा तसाही दगडासारखा, पण त्याची पाठ बोलते. तुमच्या नटांची पाठ बोलते का, हे तालमीत तपासा. एकांकिकेच्या नटांना प्रेक्षकांकडे तोंड ठेवायची सवय असते. ती मोडायला वेळ लागतो.

याच भागात एक विनोद आज पार मेला आहे. जिमी एका थिएटरबाहेर सुंदर अभिनेत्रीचं पोस्टर बघतो, मागच्या दारानं आत जातो आणि मार खाऊन बाहेर येतो. कारण पोस्टरवरचं झाकलेलं नाव दिसतं तेव्हा कळतं, हा ज्युलियन एल्टिंज, म्हणजे स्त्रीवेषात काम करणारा त्या काळचा प्रसिद्ध नट. 1925 च्या प्रेक्षकाला नाव वाचताच हशा फुटणार. आज पाटी लावून समजवावं लागतं आणि समजावलेला विनोद गेलाच. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात हा प्रसंग समजायला अवघड नाही, पण ‘एल्टिंज कोण’ हे मात्र माहीत हवं. तुमच्या एकांकिकेतही चालू मालिकांवरचे, राजकारणावरचे पंच असतील. स्पर्धेत ते जोरात चालले असतील. मूकपटात ते उचलूच नका.

त्याहून वाईट म्हणजे यातला वर्णद्वेष. मेरीची चिठ्ठी घेऊन निघालेला गडी हा गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून केलेला आहे, आणि रस्त्यात जिमी एका बाईला विचारायला जातो, ती कृष्णवर्णीय आहे असं दिसताच वळतो, एवढाच तो ‘विनोद’. त्या काळात सर्रास चालायचं, हे खरं. म्हणून ते आज हसून सोडून द्यावं असं नाही. मी हा चित्रपट दाखवते तेव्हा ते भाग कापत नाही, पण त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढेही जात नाही.

घड्याळाकडे परत येते. अट वेळेची आहे म्हटल्यावर प्रेक्षकाला अधूनमधून वेळ दाखवावी लागणार. सरधोपट मार्ग म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचे इन्सर्ट, मधेच घातलेले जवळचे शॉट. कीटन जिमीला वेळ कळूच देत नाही. वेळ बघायला तो घड्याळांच्या दुकानाशी थांबतो, तर तिथल्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. आत जाऊन दुकानदाराला विचारावं, तर त्याचंही घड्याळ चालत नाही. माहिती द्यायची जागा होती, तिथे त्यानं माहिती अडवून धरली आणि त्यातून विनोद काढला. शेवटी जिमी मेरीच्या घरी पोचतो तेव्हा भागीदाराच्या घड्याळात सात वाजून गेलेले, सगळं संपलं असं वाटतं, आणि मग चर्चचं घड्याळ दिसतं. त्या दुकानानंतर आपण कुठल्याच घड्याळावर विश्वास ठेवत नसतो, म्हणून शेवटची गंमत फसवणूक वाटत नाही.

एक तांत्रिक गोष्ट, खास तुमच्यासाठी, कारण एकांकिकेत प्रवेश बदलायला ब्लॅकआउट असतो आणि मूकपटात मंडळी तोच काळोख आणतात. जिमी क्लबाबाहेर आपल्या गाडीत बसतो. गाडी जागची हलत नाही, मागचं दृश्य हळूहळू विरघळतं आणि मेरीचं घर येतं. जिमी उतरतो. प्रवास संपला. त्यासाठी दोन्ही ठिकाणी गाडी आणि माणूस चौकटीत तंतोतंत एकाच जागी हवेत, इंचाचीही चूक चालत नाही, आणि कीटनच्या लोकांनी ती मोजमापं काटेकोर ठेवली. आज तुमच्या फोनवर आधीचा शॉट अर्धपारदर्शक ठेवून जुळवता येतो. बाकावर बसलेली मुलगी तशीच राहून मागे कॉलेजची बाग जाऊन तिच्या घराचा हॉल आला, असं केलंत तर काळोख लागणार नाही आणि एक हशाही मिळेल.

इथवर कीटन नाटकाबरोबर चालत होता. पुढे तो नाटक सोडून देतो. भागीदार वर्तमानपत्रात बातमी देतो की अमुक चर्चमध्ये जी कुणी नवरी म्हणून येईल तिचं 70 लाखांच्या वारसाशी लग्न लागेल. जिमी दमून चर्चच्या पहिल्या बाकावर झोपतो. मागे बाकं भरायला लागतात. डोक्यावर पांढरं काहीतरी बांधून, मिळेल त्या वाहनानं आलेल्या नवऱ्या, पाच, पन्नास, शेकडो. हे सगळं कुणीतरी केलेली थट्टा आहे, असं धर्मगुरू जाहीर करतो आणि त्या पिसाळतात. मग लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून पाठलाग. जिमी आपल्याच तंद्रीत रिकाम्या रस्त्यानं चाललाय आणि त्याच्या मागची पूर्ण चौकट हळूहळू नवऱ्यांनी भरते, हा एकच शॉट नवख्या संकलकांना मी पुन्हापुन्हा दाखवते. कट नाही. त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, बस. पुढे एक गवंडी भिंत बांधतोय, तिच्या विटा या बाया जाता जाता उचलतात आणि भिंत नाहीशी होते. फुटबॉलच्या मैदानातून त्या जातात आणि मागे संघ आडवा पडलेला दिसतो. दोन्ही ठिकाणी त्या जमावाची ताकद आपल्याला मागे उरलेल्या वस्तूंवरून कळते.

हा पाठलाग चित्रपटाचा जवळजवळ शेवटचा तिसरा हिस्सा आहे, आणि मुळात तो तितका जमलेला नव्हता. चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून बघितला, तेव्हा पाठलाग थंड गेला. फक्त अगदी शेवटी, जिमी डोंगर उतरताना त्याच्या पायानं एक धोंडा सुटतो, तो दुसऱ्यांवर आदळतो आणि दोनतीन दगड त्याच्यामागे घरंगळायला लागतात, तिथे लोक एकदम उठून बसले. हे ठरवून केलेलं नव्हतं. कीटननं काय केलं? परत जाऊन सुमारे 1500 खोटे धोंडे बनवून घेतले, हातात मावतील अशा दगडांपासून आठ फूट व्यासाच्या शिळांपर्यंत, उतारावर सोडले आणि त्यांच्या पुढे धावला. आज हा चित्रपट लोकांना आठवतो तो त्या धोंड्यांमुळे.

लोक यातून ‘मोठं काहीतरी करा’ असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. त्यानं प्रेक्षक कुठे हसला हे ऐकलं, आणि स्वतःला काय आवडतं ते बाजूला ठेवलं. दुसरं म्हणजे, ते धोंडे गोष्टीला धरून आहेत. दिवसभर हा माणूस नकार चुकवत, मग नवऱ्या चुकवत पळतोय. आता डोंगरच अंगावर येतो, आणि गंमत म्हणजे त्याच धोंड्यांमुळे नवऱ्या पांगतात. तुमच्याकडे ना 1500 धोंडे आहेत ना शेकडो नवऱ्या. पण तुमच्या गोष्टीत रंगमंचावर दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून लेखकानं नुसतं बोलण्यात उरकलेलं असं काही आहे का? ‘काल मी तुझ्यासाठी पावसात तीन तास उभा होतो’ असं एखादं वाक्य? मूकपटाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. तो पाऊस दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या एकांकिकेत पळापळ नाही, दोन माणसं एका खोलीत बसून एकमेकांना टोमणे मारतात. मग कीटनपेक्षा दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच तुमच्या कामाचा. त्यानंही 1925 मध्येच ऑस्कर वाइल्डचं ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ पडद्यावर आणलं. वाइल्डचं 1892 चं हे नाटक म्हणजे सुभाषितांचा पाऊस, लोक आजही ती वाक्यं पाठ म्हणतात. लुबिच बर्लिनला माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत नट होता, त्याला रंगमंच शिकवायची गरज नव्हती. त्यानं ती सुभाषितं पाट्यांवर घेतलीच नाहीत. विचार करा, पुलंच्या नाटकावर सिनेमा करायचा आणि पुलंचं एकही वाक्य घ्यायचं नाही, असं कुणी ठरवलं तर आपण त्याला पुण्यात राहू देणार नाही.

पण वाइल्डची वाक्यं करतात काय? प्रतिष्ठित समाज एका बाईकडे कसा बघतो ते दाखवतात. लुबिचनं ‘बघणं’ उचललं. नाटकात मिसेस अर्लिनची पहिल्या अंकात नुसती चर्चा होते, ती अवतरते दुसऱ्या अंकात, मेजवानीत. चित्रपटात त्यानं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान घातलं, जे नाटकात नाही. सगळे दुर्बिणी घेऊन आलेत घोडे बघायला आणि बघतायत त्या बाईला. कुणी मानेकडे, कुणी केसातल्या पांढऱ्या बटेकडे. ती निघून जाते, एक गृहस्थ तिच्या मागे चालायला लागतो आणि तो तिला गाठत जातो तसतशी पडद्याची कड काळ्या पट्टीनं मिटत जाते. पुढे हाच गृहस्थ तिच्या दाराची घंटा वाजवतो. आधी कपडे ठीकठाक करत, अदबीनं. नंतरच्या भेटीत, ओळख वाढल्यावर, घरच्यासारखा घंटा वाजवून सरळ आत. दोन घंटांमध्ये किती आठवडे गेले आणि काय काय झालं ते कुणी बोलून दाखवत नाही. खरं म्हणजे या चित्रपटात प्रेमापेक्षा अब्रूची गोष्ट जास्त आहे, पण तुमच्या खोलीतल्या दोघांसाठी ती घंटा पुरेशी आहे. दार ठोठावणं, चहाचा कप पुढे करणं, चप्पल कुठे काढली, हे तीन वेळा आणि तिन्ही वेळा थोडं वेगळं.

तिसरा रस्ता फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेअरचा. 1851 च्या लाबिश आणि मार्क-मिशेलच्या फार्सवरून त्यानं 1928 मध्ये ‘द इटालियन स्ट्रॉ हॅट’ केला. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा घोडा एका परक्या बाईची टोपी खातो आणि तशीच टोपी शोधताना वऱ्हाड पॅरिसभर फिरतं. यातल्या प्रत्येक वऱ्हाड्याला क्लेअरनं एक छोटी अडचण बांधून दिली आहे: एकाचा हातमोजा हरवलाय, सासऱ्याचे बूट चावतात, बहिऱ्या काकांचं ऐकायचं नळकांडं तुंबलंय, नवरीच्या पाठीत टाचणी टोचतेय. विवाहनोंदणीच्या वेळी एक बाई आपल्या नवऱ्याला टाय सरळ कर म्हणून खूण करते आणि हॉलमधले सगळे पुरुष, लग्न लावणाऱ्या महापौरासकट, आपापला टाय चाचपतात. हे बघून तुमच्या संहितेतली दुय्यम पात्रं काढून टाकायचा मोह आवरा. त्यांचे संवाद काढा, पण प्रत्येकाच्या हातात एक अडचण राहू द्या.

कामाला लागण्याआधी दोन रुक्ष गोष्टी. लेखकाची लेखी परवानगी घ्या, तो गटातलाच असला तरी. एकांकिकेच्या प्रयोगाची परवानगी म्हणजे चित्रपटाची परवानगी नव्हे, आणि महोत्सवांना ते पत्र लागतं. ‘सेव्हन चान्सेस’ अमेरिकेत 2021 च्या सुरुवातीपासून हक्कमुक्त झाला आहे, त्यामुळे ऑनलाइन सहज मिळतो, पण त्यातल्या बऱ्याच प्रती पुसट आहेत आणि काहींवर कुणीही कसलंही संगीत चिकटवलेलं आहे. सुरुवातीचे रंग दिसतात अशी प्रत शोधा, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. हसू कुठे येतं ते तेव्हाच कळतं.

मग लेखकाला बरोबर घेऊन संहिता उघडा. प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचं काम एका शब्दात लिहा. ज्या वाक्यांसमोर नुसतं ‘छान’ एवढंच लिहिता येईल ती लेखकाच्या देखत काढा. घाव घालणारी पाचसहा वाक्यं पाट्यांसाठी राखून ठेवा. उरलेल्यांची कामं वस्तूंना आणि जागांना वाटून झाली की एक तालीम घ्या, नटांना पूर्ण संवाद म्हणायला सांगा, फोन प्रेक्षकाच्या जागी स्टँडवर ठेवा, सलग चित्रण करा आणि आवाज बंद करून ज्यानं एकांकिका पाहिलेली नाही अशा माणसाला दाखवा. तो कुठे फोनकडे बघतो ते टिपून ठेवा. तिथे कॅमेऱ्याची जागा नव्हे, प्रसंगच बदलायचा आहे.